अकराव्या ताशी आलेल्या स्त्रिया

उत्तर फ्रान्समधील रुबे हे एके काळी कापडगिरण्यांसाठी नावाजलेले शहर. तेथील दोन गिरणीमालकांनी शहरात सायकल-शर्यतींसाठी एक मैदान बांधले आणि त्याचा बोलबाला व्हावा म्हणून १८९६ साली पॅरिस ते रुबे अशी एका दिवसाची शर्यत सुरू केली. महायुद्धांमुळे आणि २०२० च्या महामारीमुळे पडलेले खंड सोडले, तर ही शर्यत तेव्हापासून चालू आहे. तिच्या मार्गात जुन्या काळचे, ओबडधोबड दगडांच्या फरसबंदीचे शेतरस्ते लागतात. पाऊस असला तर चिखल आणि ऊन असले तर धुळीचे लोट. सायकलचे अरुंद चाक दगडांच्या फटीत अडकते, हात बधिर होतात आणि भले भले पहिलवान आडवे होतात. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली त्या उद्ध्वस्त मुलखात मार्गाची पाहणी करण्यास गेलेल्या पत्रकारांनी ‘उत्तरेचा नरक’ असे शब्द वापरले आणि ते नाव शर्यतीला कायमचे चिकटले.

या नरकातून सायकल चालविण्याची परवानगी स्त्रियांना मिळण्यास १२५ वर्षे लागली. २ ऑक्टोबर २०२१ रोजी पॅरिस-रुबेची पहिली व्यावसायिक महिला शर्यत झाली. ‘व्यावसायिक’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. या स्त्रिया हौसेखातर सायकल चालवीत नाहीत. त्यांतील अनेकजणी एखाद्या संघाच्या पगारावर असतात आणि सायकल हेच त्यांच्या पोटापाण्याचे साधन असते. देनँ या गावापासून रुबेपर्यंत ११६ किलोमीटरचे अंतर आणि त्यात दगडी रस्त्यांचे १७ टप्पे होते. त्या दिवशी पावसाने रस्ते निसरडे झाले होते. इंग्लंडची लिझी डेग्नन ही सायकलपटू शेवट सुमारे ८० किलोमीटर दूर असतानाच इतरांपासून सुटून एकटी पुढे गेली आणि शेवटपर्यंत कोणाच्या हाती लागली नाही. तिच्या मागून आलेल्या मारियान व्होसला पोहोचण्यास सव्वा मिनिटाहून अधिक वेळ लागला. डेग्नन तेव्हा तीन वर्षांच्या मुलीची आई होती. तिने हातमोजे घातले नव्हते. शर्यत संपली तेव्हा तिच्या सायकलच्या हँडलवर तिच्याच तळहातांचे रक्त लागलेले होते.

दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर पुरुषांची शर्यत संपली. इटलीचा सोनी कोल्ब्रेली जिंकला. तोही चिखलाने असा माखला होता की, चेहरा ओळखू येऊ नये. त्याला बक्षीस मिळाले ३०,००० युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे २६ लाख रुपये. डेग्ननला मिळाले १,५३५ युरो, म्हणजे सुमारे १ लाख ३२ हजार रुपये. आयोजक एकच, मैदान एकच, दगडही तेच आणि बक्षिसात जवळजवळ वीसपटींचे अंतर! डेग्ननच्या संघाने उरलेली रक्कम आपल्या खिशातून भरून दिली, ही गोष्ट त्या संघाला भूषणावह आहे. परंतु एखाद्याच्या औदार्यामुळे अन्यायाची भरपाई झाली, म्हणून मूळचा व्यवहार न्याय्य ठरत नाही.

इतक्या दूरच्या शर्यतीशी सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपणांस काय कर्तव्य आहे, असे वाचक विचारतील. नंदुरबार जिल्ह्यात व्यावसायिक सायकल-शर्यती होत नाहीत. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर आंतरराष्ट्रीय मान्यतेची अनेक दिवसांची शर्यत झाली, तीही पुरुषांचीच होती. परंतु त्या दोन बक्षिसांमधून जो प्रश्न उभा राहतो, तो आपल्या शेतांत, आपल्या घरांत आणि आपल्या धर्मग्रामातही उभा आहे. स्त्रीच्या कष्टाचे मोल कशावरून ठरवावे? बाजार जे देईल ते, देणारा ठरवील ते, की न्याय मागेल ते?

प्रथम विरुद्ध बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. पहिला युक्तिवाद असा की, पुरुषांची शर्यत २५७ किलोमीटरांची होती, स्त्रियांची ११६ ची. तेव्हा बक्षीस कमी असणे साहजिक आहे. हे मान्य केले तरी हिशोब जुळत नाही. अंतराच्या प्रमाणात रक्कम काढली, तर ती साडेतेरा हजार युरोंच्या घरात जाते. शिवाय आपण किती अंतर धावावे, हे त्या स्त्रियांनी ठरविलेले नव्हते. आधी अंतर कमी करावयाचे आणि मग कमी अंतराचे कारण सांगून मोबदला कापावयाचा, ही रीत आपल्याकडे शेतमजुरीतही चांगलीच परिचयाची आहे. बाईला ‘हलके’ काम दिले जाते आणि हलक्या कामाची मजुरीही हलकी असते. पण दिवसभर ओणवे राहून निंदणी करणे हे हलके काम आहे, हे कोणी ठरविले? ज्याने ते कधी केले नाही त्याने.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. स्त्रियांच्या शर्यती पाहणारे थोडे, म्हणून जाहिरातदार थोडे, म्हणून पैसा थोडा. यात कोणाचाही दुष्टावा नाही, हा बाजाराचा नियम आहे. तिसरा युक्तिवाद याच्याही पुढे जातो. बक्षीस ही मजुरी नव्हे, ती देणाऱ्याच्या खुशीची बाब आहे; आपल्या पैशाचे काय करावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार देणाऱ्यालाच आहे. शिवाय शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येकीला बक्षिसाचा आकडा आधीच ठाऊक होता. तिने तो मान्य केला, मग तक्रार कशाची?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेने फार पूर्वी दिलेले आहे. रुबेची पहिली शर्यत होण्याच्या पाच वर्षे आधी, १८९१ साली, पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीविषयी ‘रेरुम नोव्हारुम’ हे विश्वपत्र लिहिले. रुबेसारख्या गिरणगावांतील माणसेच त्यांच्या डोळ्यांपुढे होती. कामगाराने मजुरी मान्य केली एवढ्यानेच ती न्याय्य ठरत नाही, असे त्यांनी बजावले. गरजेपोटी किंवा याहून वाईट काही होईल या भीतीपोटी जो कमी मजुरी पत्करतो, तो खऱ्या अर्थाने संमती देत नसतो. तो बळाला बळी पडलेला असतो. त्याच विश्वपत्रात स्त्रीचे क्षेत्र प्रामुख्याने घर हेच मानलेले आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. ख्रिस्तसभा इतिहासात चालते आणि चालता चालता शिकते. १९८१ साली ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या विश्वपत्रात पोप जॉन पॉल दुसरे यांनी शिकविले की, कामाची प्रतिष्ठा कामाच्या प्रकारावरून ठरत नाही. ते करणारी व्यक्ती माणूस आहे, यावरून ठरते. त्याच पोपमहोदयांनी २९ जून १९९५ रोजी, बीजिंग येथील जागतिक महिला परिषदेच्या तोंडावर, जगातील सर्व स्त्रियांना उद्देशून पत्र लिहिले. त्यात समान कामाला समान वेतन मिळालेच पाहिजे, असे निःसंदिग्धपणे सांगितले आणि स्त्रियांच्या अवहेलनेत ख्रिस्तसभेच्या पुत्रांचा जो वाटा आहे, त्याबद्दल खेदही व्यक्त केला.

उरला बाजाराचा आणि देणाऱ्याच्या खुशीचा मुद्दा. येथे आपल्या प्रभूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला आठवतो. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील तो धनी पहाटे मजूर लावतो, मग दिवसभर थोड्या थोड्या वेळाने आणखी लावतो, आणि संध्याकाळी सर्वांना सारखेच एक नाणे देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात, तेव्हा आपल्या मालकीच्या पैशाचे आपण हवे ते करू शकतो, असे तो त्यांना ऐकवितो. हे एवढेच वाक्य उचलून ‘मालकाची मर्जी’ हाच जणू ईश्वराचा कायदा आहे, असे समजणारे लोक मला भेटलेले आहेत. पण त्या धन्याने आपली मर्जी कोणाचे काही कापण्यासाठी वापरलेली नाही. ठरलेले नाणे त्याने पहिल्यांना पूर्ण दिले. त्याचे स्वातंत्र्य खर्ची पडले ते शेवटी आलेल्यांच्या घरी चूल पेटावी म्हणून.

त्याच दाखल्यात एक लहानसा संवाद आहे, ज्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. दिवस मावळावयास आला असता धनी पुन्हा बाजारात जातो, तेथे काही माणसे उभी असलेली पाहतो आणि दिवसभर रिकामे का उभे राहिलात म्हणून त्यांना विचारतो. ते सांगतात की, आम्हांला कोणी कामावर लावलेच नाही. धनी त्यांना आळशी म्हणत नाही, दिवसाच्या कामाचा हिशोबही मागत नाही. त्यांच्या उत्तरातले सत्य तो ओळखतो आणि त्यांना मळ्यात पाठवितो.

स्त्रियांच्या शर्यती बघावयास कोणी येत नाही, या युक्तिवादाला याच उत्तराच्या उजेडात पाहावे. पुरुषांच्या शर्यतीमागे सव्वाशे वर्षांची पुण्याई आहे; वर्तमानपत्रे, आख्यायिका, बापाने मुलाला सांगितलेल्या गोष्टी आहेत. ती पुण्याई साठत होती, तेव्हा स्त्रिया कोठे होत्या? त्या बाजारात उभ्या होत्या. त्यांना कोणी लावत नव्हते. इटलीच्या अल्फोन्सिना स्त्रादा या शेतमजुराच्या मुलीने १९१७ साली लोम्बार्दी प्रांताच्या एकदिवसीय शर्यतीत पुरुषांबरोबर भाग घेतला. ती शेवटच्यांत आली, पण अनेक पुरुषांनी शर्यत अर्ध्यावर सोडली असताना ती पोहोचली. १९२४ साली ती इटलीच्या ३,६०० किलोमीटरांच्या दौड-शर्यतीत उतरली. वादळवाऱ्यात पडून तिच्या सायकलचे हँडल मोडले, तेव्हा झाडूच्या दांड्याचा तुकडा बांधून ती पुढे निघाली. वेळेची मर्यादा ओलांडली म्हणून तिचे नाव क्रमवारीतून काढण्यात आले, तरी तिने शर्यत पूर्ण केली. निघालेल्या ९० पैकी जेमतेम ३० पुरुष शेवटपर्यंत टिकले होते. पुढील वर्षी तिला प्रवेश नाकारण्यात आला. रस्त्यावरील सायकल-शर्यतीचे महिलांचे पहिले जागतिक अजिंक्यपद १९५८ साली झाले. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची रस्त्यावरील शर्यत १८९६ पासूनची. स्त्रियांची १९८४ साली सुरू झाली. ज्यांना अकराव्या ताशी मळ्यात येऊ दिले, त्यांना तुम्ही पहाटेपासून का राबला नाहीत, असे विचारणे हा न्याय नव्हे.

लोम्बार्दीच्या त्याच प्रदेशात, कोमो सरोवराच्या वरच्या डोंगरावर, मादोना देल गिझाल्लो हे पवित्र मारियामातेचे एक छोटे प्रार्थनामंदिर आहे. १९४९ साली पोप बारावे पायस यांनी तेथील मातेला सायकलपटूंची आश्रयदाती घोषित केले. मोठमोठ्या विजेत्यांच्या सायकली तेथे भिंतीवर टांगलेल्या आहेत. त्यांच्यात अल्फोन्सिनाचीही सायकल आहे. ज्या क्रमवारीतून तिचे नाव खोडले गेले, तिच्यातील बहुतेक पुरुषांची नावे आज कोणाला आठवत नाहीत. पण स्मृतीत मिळालेली जागा हातात न मिळालेल्या मजुरीची भरपाई करीत नाही. आपण ख्रिस्ती लोक ही गल्लत वारंवार करतो, म्हणून हे स्पष्ट सांगणे भाग आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू या. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची मिरची दूरवर प्रसिद्ध आहे. हंगामात नंदुरबारभोवतीच्या पथाऱ्या लाल होऊन जातात. त्या पथाऱ्यांवर मिरची पसरणारे, निवडणारे, देठ खुडणारे आणि रात्री घरी जाऊन आग झालेली बोटे पाण्यात बुडवून बसणारे हात बहुतेक बायकांचे असतात. दिवाळीनंतर नवापूर, अक्कलकुवा, तळोदा, धडगाव या भागांतील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. तेथे नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. नवरा ऊस तोडतो; बायको पाचट काढते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते; आणि हे सारे तिने पहाटे उठून भाकरी थापल्यानंतर. मजुरी टनावर ठरते आणि उचल मुकादमाच्या हातून नवऱ्याच्या हातात जाते. त्या हिशोबाच्या वहीत बाईचे नावच नसते. रुबेला बक्षीस निदान विजेत्या स्त्रीच्या नावे लिहिले गेले होते. येथे दोन माणसांच्या घामाचे मिळून एक हत्यार होते आणि त्या हत्याराचा धनी एकच असतो.

स्त्रीच्या श्रमाची किंमत आपल्या समाजाला कळत नाही, असे मुळीच नाही. भिल्ल आणि पावरा समाजांत लग्नाच्या वेळी मुलाकडचे लोक मुलीच्या बापाला देज देतात. बापाच्या घरचे दोन कष्टाळू हात गेले, याची ती कबुली आहे. हुंड्याच्या तुलनेत या रीतीत काही शहाणपण आहे, हे नाकारता येणार नाही. पण ती किंमत एका पुरुषाच्या हातातून दुसऱ्या पुरुषाच्या हातात जाते. ज्या हातांची ती किंमत, ते हात रिकामेच राहतात.

कायदा नाही, असेही नाही. पुरुष व स्त्री यांना समान कामासाठी समान वेतन देण्याचा कायदा आपल्या देशात १९७६ साली झाला आणि तो पुढे २०१९ च्या वेतन संहितेत सामावून घेतला गेला. महाराष्ट्राच्या रोजगार हमीने तर सत्तरच्या दशकापासून खडी फोडणाऱ्या बाईला पुरुषाइतकाच दर दिला. दुष्काळी कामावर जे शक्य झाले, ते बागाइतदाराच्या शेतात का अशक्य व्हावे? युरोपातही हा बदल आकाशातून पडलेला नाही. महिला सायकलपटूंच्या वरिष्ठ संघांना २०२० पासून किमान वेतन बंधनकारक झाले आणि बेल्जियममधील फ्लँडर्सच्या प्रसिद्ध एकदिवसीय शर्यतीत २०२२ पासून दोघांची बक्षिसे समान करण्यात आली. बाजार तोच होता. माणसांनी ठरविले, तेव्हा त्याचा नियम बदलला.

एक आक्षेप मात्र आपल्या श्रद्धेच्या आतूनच येतो आणि तो सर्वांत नाजूक आहे. संत पौल करिंथ येथील श्रद्धावंतांना शर्यतीचाच दृष्टांत देऊन सांगतात की, धावणारे कोमेजणाऱ्या मुकुटासाठी धावतात, आपण न कोमेजणाऱ्या मुकुटासाठी धावावे. मग ख्रिस्ती स्त्रीने पैशाचा हिशोब का करावा? त्याग हाच तिचा अलंकार नव्हे काय? मारियामातेने कधी मोबदला मागितला काय?

याचे उत्तर देताना एक भेद मनात पक्का ठेवला पाहिजे. त्याग ज्याचा त्याने करावयाचा असतो. मी माझ्या ताटातील भाकरी उपाशी माणसाला दिली, तर तो त्याग. दुसऱ्याच्या ताटातील काढून घेतली आणि त्याला त्यागाचे महत्त्व समजावून सांगितले, तर ती चोरी. मारियामातेने ईश्वराला आपला होकार दिला, तो तिला विचारल्यानंतर. गाब्रिएल दूताने तिच्या उत्तराची वाट पाहिली. आपण आपल्या बायकांना विचारतो काय? मातृदिनी, मारियामातेच्या सणाच्या दिवशी, मरणानंतरच्या शोकसभेत आपण त्यांना त्यागमूर्ती म्हणतो; तो शब्द पुष्कळदा मजुरी चुकविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग असतो. याकोबाच्या पत्रात कापून ठेवलेल्या मजुरीचा आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी पोहोचतो, असे बजावलेले आहे. ती मजुरी पुरुषाची असेल तरच तो ऐकतो, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही.

म्हणून हा प्रश्न सरकारवर किंवा बाजारावर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. ज्यांच्याकडे शेती आहे, त्यांनी येत्या हंगामात बाईची आणि बाप्याची मजुरी एका ओळीत लिहून पाहावी. दोन आकड्यांत फरक असेल, तर त्याचे कारण आपल्याच मुलीला समजावून सांगता येते का, हे तपासावे. जे ऊसतोडीला जातात, त्या नवऱ्यांनी परत आल्यावर हिशोब बायकोच्या समोर करावा आणि तिचा अर्धा वाटा तिच्या खात्यात भरावा. आपल्या धर्मग्रामांनीही आपला ताळेबंद उघडावा. मंदिराची झाडलोट, वसतिगृहातील स्वयंपाक, शेतातील निंदणी ही कामे जेथे मोबदला देऊन करवून घेतली जातात, तेथे तो मोबदला ठरविताना आपण कोणते माप वापरतो? जेथे सेवा म्हणून करवून घेतली जातात, तेथे ती सेवा नेहमी स्त्रियांच्याच वाट्याला का येते?

आणि आपल्या मुलींचे काय? मानव विकास कार्यक्रमातून आपल्या जिल्ह्यातील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळत आल्या आहेत. त्या मुली शर्यतीत उतरणार नाहीत कदाचित. पण शाळेच्या वाटेवरचा चढ त्यांनाही मुलांइतकाच लागतो. ती सायकल घरी आल्यावर भावाच्या ताब्यात जाते की तिच्याकडे राहते, यावर पुढच्या सगळ्या हिशोबांचा पाया पडत असतो. ज्या घरात मुलीच्या नावाची वस्तू मुलीची राहते, त्या घरातील मुलगी मोठेपणी कोणत्याही मुकादमापुढे आपले नाव वहीत लिहावयास सांगेल.

नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात कर्तबगार स्त्रीचे जे वर्णन आहे, ते आपण उपासनेत अनेकदा ऐकतो. ती लोकर व ताग शोधून आणते, रात्री तिचा दिवा मालवत नाही, विचारपूर्वक ती शेत विकत घेते. ते स्तोत्र ज्या वचनाने संपते, त्यात दोन गोष्टी मागितल्या आहेत. वेशीत तिची स्तुती व्हावी ही एक. आणि तिच्या हातांच्या कष्टाचे फळ तिच्याच पदरात पडावे ही दुसरी, जी वचनात पहिली येते. स्तुती आपण करीतच आलो आहोत. पहिले मागणे पुरे करणे अद्याप आपल्याकडे बाकी आहे.